अक्काचं रडणं

महिना होत आला, तरी माझा राग उतरत नाही. सेलूहून भाऊजींचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. "अक्का गेली," एवढंच म्हणाले. हार्ट अटॅक. माझी थोरली बहीण... पंचेचाळिशीसुद्धा गाठली नाही तिनं. जीप धरून पोचले, तर ओसरीवर बायकांनी सूर धरला होता. "लय गुणाची व्हती माय." याच बायांनी तिला जन्मभर दगड म्हटलं.

आमच्याकडं मयताच्या घरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायचं असतं. पाथरीला आमची आई गेली तेव्हा अक्का कुणाच्याच गळ्यात पडली नाही. अंगाला कुणी हात लावला की ती आक्रसायची, गलक्यात तिला काही सुचायचं नाही. ती गुपचूप आईच्या उशाशी बसली आणि तिचे केस विंचरत राहिली. झालं... "पोटच्या पोरीच्या डोळ्यात टिपूस न्हाई," हे पुढं प्रत्येक लग्नात, बारशात तिनं ऐकलं. आणि खरं मानलं. "माझ्यातच खोट हाय," म्हणायची. मी किती समजूत घातली, उपयोग शून्य.

चाळिशी उलटल्यावर लेकीच्या, प्रियाच्या हट्टामुळं ती संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. मी सोबत होते. ऑटिझम निघाला. जन्मापासूनची मेंदूची घडणच वेगळी, दोष कुणाचाच नाही. परतताना एसटीत अक्का म्हणाली, "आईचे केस विंचरले ना मी, तेच माझं रडणं व्हतं गं." त्यानंतर तिनं स्वतःला बोल लावणं सोडलं. हळदीकुंकवात गलका वाढला की "मला सोसत न्हाई, मी आत बसते," म्हणून उठायची, माफीबिफी न मागता. बाया म्हणायच्या, या वयात हे कसलं नवीन खूळ.

आता त्याच बाया हंबरडे फोडत होत्या. जिवंतपणी जिला घटकाभर शांतता दिली नाही, तिच्या प्रेतापुढं हा धिंगाणा. प्रिया भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसली होती. शेजारच्या काकू हात पसरून तिच्याकडं निघाल्या. "रड की माय, मोकळी हो. आईवाणी करू नको."

प्रिया उठली. "काकू, मला हात लावू नका. मी अशीच रडत असते," शांतपणे म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली.

एवढं बोलायला अक्काला चाळीस वर्षं लागली... आणि बोलून जगायला जेमतेम दोन मिळाली.