आवाज सरळ नाही

फोन वाजला की आत्या रिसीव्हर उचलायची, उजव्या कानाला लावायची आणि गप्प उभी राहायची. हॅलो नाही, कोण बोलतंय नाही. पलीकडचा माणूस गोंधळून दोन-तीनदा हाका मारायचा, कुणी रागावायचं, कुणी घाईघाईने आपलं नाव-गाव सांगून टाकायचं. एवढं ऐकून झालं की मगच ती म्हणायची, "हं, बोला." आणि फोन ठेवल्यावर आम्हाला निकाल ऐकवायची. "आवाज सरळ आहे," किंवा, जास्त वेळा, "आवाज सरळ नाही."

ती बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. उभं आयुष्य मुंबईच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेलं. गावोगावच्या लोकांना एकमेकांशी जोडून द्यायचं आणि लाइन नीट लागली का, हे पाहायला क्षणभर ऐकायचं. तेवढ्या क्षणभरात तिने काय काय ऐकलं असेल कोण जाणे, पण माणसं खोटं फार बोलतात, असं तिचं कायमचं मत होऊन बसलं. पुढे गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ आले, ट्रंक कॉल लावायला कुणी उरलं नाही, आणि आत्या निवृत्त होऊन आमच्या नेरूळच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. कामावर हेडफोन डाव्या कानाला असायचा, घरी मात्र ती रिसीव्हर उजव्याला लावायची. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "डाव्याने जगाचं ऐकून झालं. आता त्याला सुट्टी."

तिच्या संशयातून कुणी सुटत नसे. केबलवाला पैसे मागायला आला की त्याला ती दारात उभं करून गेल्या महिन्यात कुठलं चॅनेल किती वेळा गेलं याची उलटतपासणी घ्यायची. सोसायटीच्या सेक्रेटरींनी टाकी धुतल्याचं सांगितलं की गच्चीवर जाऊन यायची. दिवाळे गावाहून एक कोळीण मासे घेऊन यायची, तिच्याशी तर दर खेपेला जुंपायची. एकदा आत्या म्हणाली, "तुझा आवाज काही सरळ वाटत नाही." कोळणीने टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, "बाय, तुला म्हावरा पायजे का माजा आवाज पायजे? म्हावरा ताजा हाय." आत्याने मासे घेतले. ताजे होते. तरी जेवताना म्हणालीच, "आज होते."

आम्ही हसायचो, पण तिचे अंदाज पुष्कळदा खरे ठरायचे. माझ्या मावसबहिणीच्या स्थळाकडून मुलाचे काका फोनवर "नोकरी अगदी पर्मनंट" म्हणाले आणि आत्याने फोन ठेवता ठेवताच मान हलवली. चौकशी केली तर तळोज्याच्या कारखान्यात तो ठेकेदाराकडे होता. तेव्हापासून नातेवाईक मुद्दाम आमच्या घरच्या फोनवर माणसांना बोलायला लावू लागले.

घरात मात्र या संशयाचं ओझं एकटी आई उचलत होती. आई साताऱ्याकडची, जात्याच हळू बोलणारी. आत्याची कॉट हॉलमध्ये होती आणि स्वयंपाकघराचं दार तिच्या डाव्या अंगाला. आई दारात येऊन काहीतरी बोलायची आणि उत्तर आलं नाही की परत आत जायची. आत्या वळेपर्यंत तिला आईचे हलणारे ओठ ओझरते दिसायचे आणि मग पाठमोरी साडी.

"सुमन, काय कुजबुजत होतीस?"

"काही नाही वन्सं."

"काही नाही म्हणजे काय? ओठ हलत होते तुझे."

हळूहळू ते वाढत गेलं. आई आणि मी ओट्यापाशी बोलत असलो की आत्या उठून दारात येऊन उभी राहायची. बाबा आईला काही सांगायला आत गेले की ते बाहेर येताच ती विचारायची, "माझ्याबद्दल चाललं होतं ना?" आईने शपथा घेतल्या, रडून झालं, अबोला धरून झाला. एका रविवारी आत्या सकाळीच कुठेतरी गेली आणि दुपारी येऊन म्हणाली, "खांदेश्वरला एक खोली बघून आले. नवीन बिल्डिंग आहे. पुढच्या महिन्यात जाईन. तिथे माझ्यामागे कुणी कुजबुजणार नाही."

आई आत जाऊन गहू निवडत बसली. आणि खरं सांगायचं तर मलाही संशय येऊ लागला होता, की आईला आत्या गेलेलीच हवी आहे, आणि आत्यालाही भांडणाचं निमित्तच हवं होतं.

नेमक्या याच दिवसांत बाबांनी सराउंड साउंडचा ध्यास घेतला. बाबांना सिनेमाचं वेड. ऑफिसातल्या कुणाच्या तरी घरी त्यांनी पाच स्पीकरांवर सिनेमा पाहिला होता आणि हेलिकॉप्टर कसं डोक्यावरून मागे गेलं ते हातवारे करून आम्हाला सांगत होते. आमच्याकडे व्हीसीडी प्लेअर होता, पण आवाज टीव्हीचाच, डबा वाजवल्यासारखा. पैसे बेताचे. मी नुकतीच बेलापूरला नोकरीला लागले होते, त्यामुळे थोडा हातभार मीही लावणार होते. घरातल्या दोन बायकांमधल्या त्या शांततेपेक्षा पाच स्पीकर बरे, असंही बाबांच्या मनात असावं.

"आत्याला बरोबर घेऊ," बाबा म्हणाले. "तिच्यासमोर कुणी फसवू शकणार नाही."

पहिला माणूस बाबांना कुणीतरी सुचवलेला. जहाजावरून उतरलेला फॉरेनचा माल निम्म्या किमतीत देतो, असा त्याचा लौकिक. कोपरखैरण्याच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये त्याने खोकी रचून ठेवली होती. त्याने वादळाचा प्रसंग लावला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. बाबांचा चेहरा उजळला. आत्या म्हणाली, "आता कुणीतरी हळू बोलतंय असं काहीतरी लावा."

"मॅडम, असल्या सिस्टिमवर कोण हळू बोललेलं ऐकतं?" असं म्हणून त्याने आवाज आणखी वाढवला.

"तुमचा फोन नंबर द्या."

"पेजर आहे ना. मेसेज टाका, मीच फोन करतो."

आत्या उठली, मागच्या कोपऱ्यातला स्पीकर सरळ हातात घेतला आणि कानाशी नेऊन हलवला. आतून खुळखुळ आवाज आला. स्पीकरच्या खोक्यात वजनासाठी दगड घातला होता. तो माणूस "हा डेमो पीस आहे" म्हणत असतानाच आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर आत्या बाबांना म्हणाली, "ज्याला आपण फोन करू शकत नाही, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही." त्या दिवशी आमच्या घरात तिचा दरारा फारच वाढला, आणि आईची मान आणखी खाली गेली. इतकी पारख असलेली बाई आपल्याबद्दल चुकीचं बोलत असेल, यावर कोण विश्वास ठेवणार?

दुसरं दुकान वाशीच्या एका सेक्टरमधलं, पवार नावाच्या गृहस्थांचं. वडील मार्केटमध्ये माथाडी, हे स्वतः रेडिओ दुरुस्त करता करता दुकानदार झालेले. दुकानाच्या मागच्या अंगाला त्यांनी लहानशी खोली केली होती. मधोमध खुर्च्या, चार कोपऱ्यांत चार स्पीकर, एक समोर टीव्हीवर.

"बसा की मावशी," त्यांनी आत्याला मधली खुर्ची दिली. "वादळ-बिदळ मी लावत नाही. त्यात कायपण चांगलंच वाटतं."

त्यांनी एक तबकडी लावली. तिच्यात एक माणूस टाळ्या वाजवत खोलीभर फिरतो, एवढंच होतं. टाळी समोर वाजली, मग उजवीकडे, मग मागे उजव्या कोपऱ्यात. मग मागे डावीकडे वाजली, आणि पुढे डावीकडून परत समोर आली.

"मध्ये गेला कुठे हा?" आत्या म्हणाली.

"इथेच की. तुमच्या डाव्या हाताला."

"नाही. डावीकडचे स्पीकर बंद आहेत."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांना टाळी स्वच्छ ऐकू आली होती. पवारांनी तबकडी पुन्हा लावली. आत्या अजून ठाम. "एकात दगड घालतात, एकात वायर काढून ठेवतात. मला सगळं माहीत आहे." ती उठली, मागचा डावा स्पीकर उचलून पाहिला. जड होता. त्याच्या जाळीवर तळहात ठेवला. टाळी वाजली तसा हात थरथरलेला मला दिसला. ती हात तसाच ठेवून उभी राहिली.

"मावशी, जरा खुर्ची फिरवून बसता का? पाठ टीव्हीकडे करून," पवार म्हणाले.

ती बसली. टाळ्यांचा माणूस पुन्हा फिरला. मघाशी जे स्पीकर तिने बंद ठरवले होते ते आता तिच्या उजव्या हाताला होते, आणि तिकडे टाळी वाजताच तिची मान तिकडे वळली. मघाचे चालू स्पीकर वाजले तेव्हा ती नुसती समोर बघत राहिली.

पवारांना आमच्या आधी कळलं. त्यांनी बटण बंद केलं. आत्याकडे न बघता वायरी गुंडाळायला घेतल्या आणि म्हणाले, "मशीनमध्येच काहीतरी लोच्या झालाय मावशी. सकाळपासून असंच करतंय. आज ऱ्हाऊ द्या, मी बघून ठेवतो."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग पर्स घेऊन बाहेर पडली.

रिक्षात बाबा चुळबुळत होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "मशीनच खराब, मग काय ऐकणार आपण."

"तो खोटं बोलला," आत्या म्हणाली.

"बघ, म्हणजे हाही चोरच."

"चोर नाही रे. त्याचं मशीन चांगलं आहे."

मी तिच्या डावीकडे बसले होते. वाटेत मी तिला हळूच हाक मारून पाहिली. ती बाहेरच बघत राहिली.

घरी आल्यावर तिने चपला काढल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. आई कणीक मळत होती. आत्याला बघून तिचे हात थांबले.

"सुमन, तू रोज त्या दारात येऊन काय बोलतेस?"

आईचा चेहरा पडला. "काही नाही हो वन्सं. खरंच."

"तेच बोल. जसं रोज बोलतेस तसं." आत्याने तिच्याकडे डावा कान केला आणि डोळे मिटले. आई काहीतरी बोलली. आत्या तशीच उभी. मग वळून तिने उजवा कान केला. "आता परत."

"चहा टाकू का, म्हटलं," आई म्हणाली.

आत्याने डोळे उघडले. "इतके दिवस तू मला चहाच विचारत होतीस?"

"चहा, नाहीतर भाकरी करू की पोळी. तुम्ही काही बोलायचा नाहीत, मग मी आपली पोळीच करायची. मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नाही."

कणकेचे हात तसेच धरून आई रडायला लागली. आत्या रडली नाही, माफीही मागितली नाही. ते तिला जमणारं नव्हतं. तिने शेगडी पेटवली, भांडं चढवलं आणि म्हणाली, "बस जरा. आज मी टाकते."

खांदेश्वरच्या खोलीचं पुढे काय झालं, हे विचारायची हिंमत आमच्यापैकी कुणाला झाली नाही. थोड्या दिवसांनी तीच म्हणाली, "तिथल्या पाण्याचा काही भरवसा नाही म्हणतात." तो विषय तिथे संपला. कॉटचं डोकं तिने पायथ्याकडे केलं, म्हणजे स्वयंपाकघराचं दार उजवीकडे आलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डावा कान जवळजवळ गेलेला आहे, इतकी वर्षं हेडफोन लावल्याचाही परिणाम असेल. कानाचं यंत्र तिने हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि परत दिलं. "ह्यातून सगळ्यांचे आवाज सारखेच येतात. मग माणूस ओळखायचा कसा?"

बाबांनी सिस्टिमचा विचार सोडून दिला होता. निदान तसं दाखवत होते. नुसते समोरचे दोन साधे स्पीकर घेऊ, तेवढे पुरेत, असं एका संध्याकाळी म्हणाले. आत्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "माझ्यामुळे म्हणतोस ना?"

"नाही गं ताई. बजेट—"

"आवाज सरळ नाही तुझा. पाचच्या पाच घे. आणि पवारांकडूनच घे. त्या माणसाने मला चारचौघांत बहिरी म्हटलं नाही."

पवारांनी अँप्लिफायर जुना पण चांगला दिला, म्हणून पाचही स्पीकर आमच्या पैशांत बसले. बसवायला ते स्वतः आले. आत्याने त्यांची प्रत्येक वायर तपासली, पावती मागितली, गॅरंटीवर सही घेतली. ते जायला निघाले तेव्हा मात्र त्यांना थांबवून चहा दिला. केबलवाल्याला, सेक्रेटरींना, इतकंच काय, डॉक्टरांनाही तिने कधी चहा विचारला नव्हता.

मग रविवारी दुपारी आमच्याकडे सिनेमा लागायचा. आत्या डावीकडच्या टोकाच्या खुर्चीवर आणि तिच्या उजव्या हाताला आई. "आता मागून कोण बोललं?" आत्या विचारायची. आई सांगायची. "खरं?" आत्या विचारायची. सिनेमातल्या माणसांवरही तिचा विश्वास नव्हता, आणि दर वेळी अर्ध्यातच ती खुनी कोण ते सांगून टाकायची. बहुतेक वेळा चुकायची. आई तिच्या बाजूने बोलायची, "नाही हो, वन्सं म्हणतात तसंच वाटत होतं आधी."

काही वर्षांनी आत्या आजारी पडली आणि वाशीच्या हॉस्पिटलमध्ये तिला ठेवावं लागलं. शेवटी शेवटी ती डोळे उघडत नव्हती. मी ऑफिसातून दुपारची सुट्टी काढून गेले, तर आई तिच्या कॉटच्या उजव्या बाजूला स्टुलावर बसून जोरजोरात बोलत होती. सोसायटीची टाकी आज धुतली, मी स्वतः वर जाऊन बघून आले. कोळीण तुमची चौकशी करत होती. आज भाकरीच केली होती. वॉर्डमधली माणसं वळून बघत होती.

एक नर्स लगबगीने आली. "मावशी, हळू बोला जरा. पेशंट झोपलेत."

जन्मभर कुणाला उलट उत्तर न दिलेल्या माझ्या आईने मान वर केली.

"हळू बोललेलं त्यांना चालत नाही," ती म्हणाली, आणि आत्याच्या कानाशी वाकून पुढचं सांगायला लागली.