माझ्या आवाजाखाली

आमची ही गेली त्याला दीड वर्ष झालं. मोबाइलमध्ये तिचे फोटो ढीगभर, आवाज एकही नाही. शूटिंग चालू केलं की बाईसाहेब तोंडाला कुलूप लावायच्या. एरवी बोलली की अख्ख्या मजल्याला ऐकू जायचं. आता घर इतकं गप्प असतं की नको नको होतं.

मग कपाट आवरताना एक कॅसेट सापडली. अंबरनाथला आमच्या विहाराची गायन पार्टी होती, तिच्या एका कार्यक्रमाची. त्या काळी मी आनंदनगरच्या कंपनीतून सुटलो की थेट तालमीला. मुख्य गायक मीच! ही कोरसमध्ये. कॅसेट लावून पाहिली तर नुसती खरखर, आणि तिच्या आत कुठेतरी गाणं.

उल्हासनगरला एक सिंधी दुकानदार जुन्या कॅसेट साफ करून देतो. डेकवर वाजवून आवाज कॉम्प्युटरमध्ये घेतो, मग खरखर काढतो. त्याला म्हटलं, "माझ्या बायकोचा आवाज वर आणून द्या. बाकी मला काही नको."

चार दिवसांनी गेलो. त्याने हेडफोन दिले. पेटी लख्ख, ढोलकी लख्ख, आणि मी तर असा खणखणीत की माझा मलाच राग आला.

"अहो, पण ही कुठाय?"

"अंकल, माइक एकच ना? तो तुमच्या तोंडासमोर. त्या मागे. दोघं सेम लाइन गाताय. तुमचा आवाज काढायला जातो, तर त्यांचा पण जातो."

माइक एकच असायचा, हे खरं. पण कोरसच्या बाकीच्या बायका माझ्या खांद्याशी उभ्या असायच्या. ही एकटी ढोलकीच्याही मागे. मीच उभी केलेली. एका कार्यक्रमानंतर कुणीतरी म्हणालं, "आज वहिनीच ऐकू आल्या." झालं! माझं डोकं फिरलं. पुढच्या तालमीला तिला म्हटलं, "तू मागे हो, माझा सूर हलतो." सूरबीर काही हलत नव्हता. ती मागे गेली. पार्टी मोडेपर्यंत तिथेच उभी राहून गायली.

"अजून थोडं बघा ना," मी दुकानदाराला म्हटलं. मला रडू आवरेना. त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. एका जागी थांबला, मागे नेऊन परत वाजवलं. मी ओळ अर्धी सोडून दम घेत होतो, आणि तेवढ्यात मागून ती! बाकीच्या बायकांच्याही वर चढलेला, मोकळा, उंच आवाज. लगेच मी परत सुरू.

अख्ख्या कॅसेटमध्ये मी असा सात वेळा दम घेतलाय. त्याने ते सात तुकडे जोडून मोबाइलमध्ये टाकून दिले. सगळे मिळून अर्धा मिनिटही भरत नाहीत. मी रोज ऐकतो, आणि रोज स्वतःवर ओरडतो, अरे गाढवा, जरा जास्त दमला असतास तर!