राऊत सर टेम्पोत बसत नाहीत

सायकल चालवली की वजन उतरतं, असं सांगून मला या ग्रुपमध्ये ओढलं होतं. चार वर्षं झाली. वजन होतं तिथंच आहे, वर किश्श्यांचं ओझं वाढलं! बारशाला जा, तेरवीला जा, कोणीतरी कोपऱ्यात गाठतंच : "सिस्टर, तो गादीचा किस्सा सांगा नं!" अहो, तेरवीला काय सांगू? म्हणून परतवाड्याच्या राइडचे किस्से आज एकदाचे सांगून टाकते. सगळे एकाच दिवसातले आहेत. खोटे वाटले तर वाटू द्या, मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, मला खोटं बोलायची गरज कधी पडली नाही. खरंच पुरेसं होतं.

*

अकोला ते परतवाडा, दर्यापूर-अंजनगावच्या रस्त्यानं. नव्वदच्या वर किलोमीटर. आम्ही अकरा जण पहाटे जठारपेठेत जमलो. थंडी अशी की घंटी वाजवायला हात खिशातून निघेना.

आमचे कॅप्टन कुळकर्णी वकील. त्यांची सायकल कार्बनची, एका बोटानं उचलता येते. त्यांच्या शेजारी उभे राऊत सर. गणिताचे रिटायर्ड मास्तर, दर्यापूरकडच्या शाळांमध्ये अख्खी नोकरी गेलेली. सायकल काळी, दणकट, चेनकव्हर, स्टँड आणि मागं चांगलं रुंद कॅरिअर.

वकिलांनी ती उचलून पाहिली आणि कण्हत खाली ठेवली. "सर, हिचं वजन किती हो?"

सर म्हणाले, "वकीलसाहेब, वजनाचं काय? माझी सायकल मला वाहून नेते. तुमची तुम्हाला उचलून न्यावी लागते असं ऐकलं!"

"पण हे कॅरिअर तरी काढा. कोण बसणार त्यावर?"

"राहू द्या. ते नसलं की मागून उघडं उघडं वाटते."

*

आता सरांची खरी गोष्ट सांगते, कारण त्या दिवशी आम्हा सगळ्यांचा जीव त्यांच्यातच अडकला होता.

सरांनी याआधी तीन मोठ्या राइड केल्या आणि तिन्ही वेळा सामानाच्या टेम्पोत बसून पोचले. एकदा पायात गोळा आला, एकदा चक्कर, एकदा नुसतंच "आता पुरे." यंदा काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, आदल्या दिवशीच परतवाड्याला बहिणीकडे जाऊन बसल्या. जाताना बजावून गेल्या, "दारात ताट घेऊन उभी राहीन. सायकलवर आले त ओवाळीन. टेम्पोतून उतरले त मी तुमाले ओळखत न्हाई. सामान उतरवल्यावानी माणूस उतरते, त्याले काय ओवाळाचं!"

सरांनी आमच्यासमोर शपथ घेतली. "मेलो तरी टेम्पोत बसणार नाही."

आणि टेम्पो कोणाचा? प्रल्हादचा! चाळिशी उलटलेला, भरघोस मिशांचा, क्विंटलभर वजनाचा गडी. सरांचाच विद्यार्थी. गणितात दोनदा नापास. निघताना तो माझ्या कानात म्हणाला, "सिस्टर, सरानं मले दोन वर्सं आठवीत बसवून ठेवलं. मले त्याईले फक्त एक डाव टेम्पोत बसवाचं हाय. चौथ्यांदा. मंग मी मराले मोकळा."

"अरे, तीनदा बसले नं?"

"ते आजारी होते. तसं न्हाई. सोताहून म्हनले पायजेन, 'प्रल्हाद, दार उघड.'"

आणि हा बाप्पा दिवसभर सरांच्या मागं पहिल्या गिअरमध्ये! दार अर्धं उघडं, सीटवर उशी, उशीवर स्वच्छ टॉवेल. दर दोन किलोमीटरला आवाज, "सर, जागा ठेवली हाय!"

*

पहिला चहा एका फाट्यावर. वकील तसे अंगानं भरलेले, त्यात ती सायकलिंगची काळी तंग चड्डी. टपरीवर बसलेल्या एका आजीनं त्यांना वरून खाली, खालून वर न्याहाळलं.

"काऊन रे बापू, पॅन्ट इसरला का घरी?"

वकील कोर्टात कोणाला ऐकत नाहीत, पण आजीपुढं गोरेमोरे झाले. "आजी, ही सायकलची स्पेशल असते. आतून गादी असते हिला."

आजीनं चहाचा घोट घेतला. "गादीच पायजे होती त घरीच निजाचं नं, बापू!"

पुढचा अर्धा तास वकील सगळ्यांच्या पुढं होते. मागच्यांना ती गादी दिसू नये इतकं पुढं जायची त्यांची फार इच्छा दिसली.

*

पुढं गावोगाव एकच प्रश्न. "कुठी जाऊन राहिले?" परतवाड्याला. "यष्टी बंद हाय का?" नाही हो, चालू आहे. "मंग?"

एका शेतकरीदादांना वकिलांनी नीट समजावलं. फिटनेस, स्टॅमिना, कॅलरी, सगळं. दादांनी मान डोलावत पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हंजे अंगातून घाम निघाले पायजे, असंच नं?"

"अगदी बरोबर!"

"मंग इतक्या दूर काऊन जाता? हे काय माही पऱ्हाटी उभी हाय. कापूस वेचा. दुपारचं जेवन माह्याकडं!"

बोलणं चेष्टेचं नव्हतं. बिचाऱ्यानं कापूस वेचताना कमरेला बांधायच्या ओट्याही काढून ठेवल्या, अकरा.

*

दर्यापूर आलं आणि सरांचे विद्यार्थी सुरू झाले. पानठेल्यावर विद्यार्थी, पंक्चरच्या दुकानात विद्यार्थी, बँकेच्या दारातला वॉचमनही विद्यार्थी. प्रत्येक जण पायाला हात लावतो आणि चहा पाजतो. नाही म्हटलं तर रुसतो. सातव्या चहानंतर मी ओरडले, "सर, पोटाचा हौद करता का?"

पण सरांची एक खोड आहे. आशीर्वादाला हात डोक्यावर ठेवला की तो तिथंच राहतो. मग विचारणार, "एकोणतीसचा पाढा येतो का रे अजून?"

एका गावचे सरपंच हार घेऊन आले, मागं दहा माणसं. वाकले. हात पडला. "तेवीस अठ्ठे?"

सरपंच वाकल्या वाकल्याच म्हणाले, "सर, माफ करा, ग्रामसभेची वेळ झाली!" आणि हार माझ्या हातात कोंबून गेले. रविवार होता हो! कसली ग्रामसभा?

सरांनी पाढे विचारायला सुरुवात केली की मागं टेम्पोची काच वर जायची. मी प्रल्हादला विचारलं तर म्हणाला, "सतरा सत्ते. दोनी वर्सं थितंच अडकलो. अजून सपनात येते."

*

अंजनगावच्या अलीकडं वकिलांच्या फोननं शॉर्टकट दाखवला. आम्ही नको नको म्हणत होतो. मॅप खोटं बोलत नाही म्हणे! गेले एकटेच.

शॉर्टकट निघाला ओलिताच्या शेतातून. काळी माती चाकाला अशी चिकटली की चाक फिरेना. शेवटी वकील कार्बनची सायकल खांद्यावर घेऊन बांधाबांधानं चिखल तुडवत आले. बांधावरच्या एका म्हाताऱ्यानं त्यांना थांबवलं, फोन हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला आणि विचारलं, "हा फोन इकडचा हाय का?"

"नाही, अकोल्याचा."

"मंग त्या बिचाऱ्याले काय मालूम!"

सरांनी त्या खांद्यावरच्या सायकलकडं एकदाच पाहिलं. मास्तर माणूस, एकदा शिकवलेलं पुन्हा सांगत नाही.

*

अंजनगाव सोडलं आणि समोरून वारा सुटला. बाकीचे पुढं गेले. मागं मी, सर आणि टेम्पो. सरांचा चेहरा पांढरा पडत चालला. एका बाभळीखाली ते उतरले आणि मटकन खालीच बसले.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? मी मनगट धरलं.

प्रल्हाद टेम्पोतून उतरला. पाण्याची बाटली आणली, उशी झटकली. आवाज एकदम मऊ. "सर, पाचच मिंटं टेका. काकूले म्या सांगत न्हाई. फाटकाच्या आंधी उतरवून देतो."

मीही म्हटलं, "बसा सर. जीव मोठा की ताट मोठं?"

सरांनी एक संत्रं सोललं. एकेक फोड खाल्ली, बिया नीट रुमालात ठेवल्या. मग विचारलं, "सिस्टर, नाडी किती?"

"एकशे सोळा!"

"म्हणजे सतरा सत्तेच्या आत आहे," सर म्हणाले. "चला."

आणि निघाले! मी सायकल उचलतेय तोच प्रल्हादनं माझी बाही ओढली. "सिस्टर, म्हंजे किती?"

"मी नाडी मोजते रे बावा, पाढे नाही!"

*

परतवाडा चार किलोमीटर राहिलं आणि मागचा टेम्पोचा आवाज थांबला. दिवसभरात पहिल्यांदाच शांतता! वळून पाहिलं तर प्रल्हाद बॉनेटवर डोकं टेकून उभा. नव्वद किलोमीटर पहिल्या गिअरमध्ये, डिझेल संपलं. काटा तर दोन वर्षांपासून 'फुल'वरच अडकलेला.

कॅन हातात घेऊन तो रस्त्यावर लिफ्टसाठी हात करू लागला. सर सायकल वळवून त्याच्याजवळ गेले.

"बस."

"न्हाई सर, येईन एखादी गाडी…"

"बस म्हटलं नं!"

आवाज आठवीतला होता. क्विंटलभराचा गडी गुपचूप कॅरिअरवर बसला. कॅरिअरनं हाय खाल्ली, पण धरून राहिलं. मी शेजारून चालले होते. सर उभं राहून पायडल मारत होते, मानेच्या शिरा तटतटलेल्या. मी म्हटलं, "सर, दम जाईल हो!" ते म्हणाले, "माझा दम मी पाहतो. प्रल्हाद, सतराचा सुरू कर."

"सर… आता?"

"वेळ आहे नं तुझ्याजवळ?"

गावात शिरलो. दुकानांतून लोक बाहेर येऊन पाहत होते. मास्तर घामानं निथळताहेत, मागं मिशाळ ड्रायव्हर कॅन छातीशी धरून ओरडतोय, "सतरा एके सतरा! सतरा दुणे चौतीस!"

काकूंच्या बहिणीचं घर दिसलं. वकील आणि बाकीचे टाळ्या वाजवत रस्त्यावर उभे. फाटकात काकू, हिरवं लुगडं, हातात ताट, ताटात निरांजन. आणि काकू चक्क डोळे पुसत होत्या! पन्नास पावलं राहिली होती. चार वर्षांत पहिल्यांदा सर सायकलवर येत होते.

"सतरा पंचे पंच्याऐंशी! सतरा सक एकशे दोन! सतरा सत्ते…"

टाळ्या थांबल्या. अख्खा रस्ता प्रल्हादकडं पाहत होता.

"…एकशे सव्वीस!"

सरांनी करकचून ब्रेक मारला. पाय टेकवला. ताटाकडं पाहिलं, निरांजनाकडं पाहिलं. मग हँडल फिरवलं आणि प्रल्हादसकट सायकल आल्या रस्त्याला वळवली.

"पहिल्यापासून."

आम्ही आ वासून पाहत राहिलो. काकूंनी ज्योतीआड पदर धरला आणि घरात तोंड करून बहिणीला हाक मारली, "अवं, तूप आण थोडं अजून!"