घंटीवाल्या काकांचा नंबर

पोलिसांच्या कंट्रोल रूममध्ये त्यांना सगळे ‘घंटीवाले काका’ म्हणत. रस्त्यांवरचे कॅमेरे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या नंबरच्या पाट्या वाचत, कॉम्प्युटर तो नंबर चोरीच्या नोंदींशी ताडून पाही आणि जुळला की घंटी वाजे. ती वाजली रे वाजली की काका खुर्चीतून असे उठत, जणू सासरेबुवाच दारात आले! पोरं हसत. का उठतात ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ते हसणं फार लांबत नसे.

त्या नोंदींत एक मोटरसायकल काकांच्या मुलाची होती. एकुलता एक मुलगा आजारपणात गेला आणि महिना व्हायच्या आत त्याची गाडी जिन्याखालून चोरीला गेली. मुलगा गेला तेव्हा काकूंनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. गाडी गेली तेव्हा मात्र त्या धाय मोकलून रडल्या.

घंटी वाजताच गाडीमालकाला फोन लावायला निघालेल्या नवख्यांना काका दटावत, “थांब रे! कॅमेरा नुसती पाटी वाचतो. इंजिनचा नंबर जुळल्याशिवाय घरच्यांना कळवायचं नाही. उगाच कुणाच्या जिवाला आशा लावू नये.”

परवा दुपारी घंटी वाजली आणि पडद्यावर तोच नंबर आला. गस्तीवाल्यांनी पुढच्याच सिग्नलला मोटरसायकल अडवली. आणि दुसऱ्यांना शहाणपण शिकवणाऱ्या या गृहस्थांनी काय करावं? थेट घरी फोन!

“अगं, सापडली!”

इंजिनचा नंबर भलताच निघाला. कुणीतरी दुसऱ्याच गाडीला मुलाच्या गाडीची पाटी ठोकली होती. खरी गाडी कधीच सुटी होऊन भंगारात गेली असणार. पाटी पुरावा म्हणून सील करून जप्तीच्या सामानाच्या खोलीत ठेवली गेली.

काका घरी पोचले तेव्हा जिन्याखालची अडगळ हलवलेली होती, फरशी लख्ख पुसलेली होती. काकू गाडीची दुसरी किल्ली हातात घेऊन उभ्या होत्या.

“नुसती पाटीच होती गं,” काका म्हणाले. “मीच घाई केली.”

काकू किल्ली पदराला पुसत म्हणाल्या, “असू द्या. तेवढी नोंद काढू नका हं. आज वाजली, तशी परत वाजेल.”

पाटी आता कुलपात होती. तो नंबर पुन्हा कुठल्याच रस्त्यावर दिसणार नव्हता.

“वाजेल की,” काका म्हणाले.