वरणापुरतं पाणी

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी कौसाबाई फाट्यावर आली नाही. कौसाबाई म्हणजे माझी मोठी जाऊ. टेम्पोत पलंग चढला, दोन कोठ्या चढल्या, शिलाई मशीन चढलं. गल्लीतल्या बाया पदर डोळ्याला लावून गेल्या. ती मात्र आपल्या दारात उभी राहून वाकळ झटकत होती. टेम्पो तिच्या दारावरून गेला तेव्हा एवढंच म्हणाली, "जाय, इंदे. तिकडं नळाले गोड पाणी हाय म्हंते."

मी तोंड फिरवलं. मनात म्हटलं, बोल, आता मला कुठं तुझ्या शेजारी राहायचं आहे.

आमचं गाव दर्यापूरकडून अकोल्याला जाताना लागतं. तो सगळा खारपाणपट्टा, कुठंही खणा, खाली पाणी खारट. पण आमच्या वावरात, नाल्याच्या काठाला, सासऱ्यांनी खणलेली विहीर गोड होती. दोघा भावांत ती एकच. एक दिवस आमची पाळी, एक दिवस त्यांची. जेठ, म्हणजे तिचे मालक, लवकर वारले, तेव्हापासून कौसाबाई आपल्या पाळीवर एकटीच वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, करायची आणि टोपली घेऊन बाजाराला जायची. सासरे आम्हाला एक गोष्ट सांगून गेले होते. "पायजे तं विहीर रुंद करा, पण खोल जाऊ नका." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला खोदाईची भीती वाटते, असं मी धरलं.

मला पाळीची चीड होती, हे खरं सांगते. वैशाखात माझी वांगी माना टाकायची, आणि शेजारी तिच्या वाफ्यात पाणी खेळायचं. दुसऱ्या दिवशी उलटं व्हायचं, ते मला दिसायचं नाही. मी घरात टुमणं लावलं की विहिरीच्या बुडात बोअर मारा, पाणी वाढेल, पाळीच नको. हे म्हणाले, "वयनीले इचारू." मी म्हटलं, विचाराल तर होणार नाही.

कौसाबाई भावाच्या पोरीच्या लग्नाला अकोटला गेली, चार दिवसांसाठी. मी दुसऱ्याच दिवशी बोअरवाल्याला बोलावलं. तो दिवस तिच्या पाळीचा होता.

पाणी चढलं. असं चढलं की गाव पाहायला आलं. कौसाबाई परत आली, काठावर उभी राहिली, बोलली नाही. पहिलं वर्ष आमची वांगी बाजारात सगळ्यात मोठी. दुसऱ्या वर्षी पानांच्या कडा जळाल्या. वाफ्यांच्या बांधावर पांढरं फूल आलं, मीठ सांडल्यासारखं. सांबार उगवेना. एका सकाळी कौसाबाईनं ओंजळीत पाणी घेतलं, घोट घेतला आणि थुंकली. मग माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "यंदा पाऊस कमी झाला नं, म्हणून खारं चढलं."

पुढं वीस-बावीस वर्षं मी हेच म्हणत आले. यांना म्हटलं, मुलाला म्हटलं, अमरावतीत शेजारणींना म्हटलं. मुलाचं गॅरेज इथं सुरू झालं होतं, त्याने दोन खोल्या घेतल्या आणि आम्ही निघून आलो. कौसाबाई तिथंच राहिली आणि दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं निंदायला जाऊ लागली. जी बाई टोपली घेऊन मालकिणीसारखी बाजारात बसायची, ती. हे मला कळत होतं. पण पावसाला कोण काय बोलणार? पाऊस मला फार सोयीचा पडला.

अमरावतीत मी गोड पाणी प्यायले. गॅसवर स्वयंपाक केला, ऑटोत बसून दवाखान्यात गेले, मोबाईलवर बोलायला शिकले. हे वारले तेव्हा कौसाबाई आली, तेराव्यापर्यंत राहिली, भांडी घासली आणि गेली. त्या तेरा दिवसांत विहिरीचं नाव तिनंही काढलं नाही, मीही नाही.

आता नात प्रांजली कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. तिला पर्यावरण म्हणून एक विषय आहे, तो सगळ्यांनाच घ्यावा लागतो. "टाइमपास विषय आहे आजी, पास तं होतोच," असं म्हणायची आणि पुस्तक घेऊन माझ्यासमोर ओट्यापाशी बसायची. मी चौथी शिकलेली. मी मेथी निवडायची, ती मोठ्यानं वाचायची. कचरा, धूर, जंगल, सगळं ऐकलं. काही पटलं, काही माहीतच होतं. मग भूजलाचा धडा आला. त्यात लिहिलं होतं की काही ठिकाणी गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं.

मी म्हटलं, "पुन्हा वाच."

तिनं वाचलं. मग माझं तोंड पाहून म्हणाली, "थांब, करून दाखवते. मॅडमनं वर्गात दाखवलं होतं." घरात बीट उकडलं होतं. त्याच्या लाल पाण्यात तिनं मूठभर मीठ विरघळवलं आणि काचेच्या ग्लासात ओतलं. वरून चमच्याच्या आधारानं साधं पाणी हळूहळू सोडलं. खरंच, खाली लाल आणि वर पांढरं राहिलं. रसाची नळी घेऊन तिनं वरवर ओढलं, नळीत पांढरं पाणी. मग नळी खाली घातली.

"आता ओढ, आजी."

मी ओढलं. तोंड खारट झालं.

"खारट लागलं नं वं आजी?"

मी मेथी निवडत राहिले. सासऱ्यांना हे पुस्तक न वाचता माहीत होतं, आणि मी त्यांना भित्रा म्हातारा ठरवलं होतं. एक वर्ष मोठी वांगी पिकवायला मी ती नळी खाली घातली.

प्रांजलीला प्रोजेक्ट होता. आपल्या मूळ गावच्या विहिरींचं पाणी तपासायचं. म्हणाली, आजी, तू चल, मला विहिरी कुठं माहीत आहेत? मी गेले. बसमध्ये ती फॉर्म भरत होती. 'पाण्यात बदल झाला असल्यास कारण' या रकान्यात तिनं आधीच लिहून ठेवलं होतं, अपुरा पाऊस. तिच्या लहानपणापासून मी तिला तेच सांगितलं होतं.

विहिरीत बाभळी वाकल्या होत्या. प्रांजलीनं दोरीनं बाटली सोडली, पाणी काढलं, त्यात पेनासारखं मीटर बुडवलं. आकडा वर वर जात राहिला. "बापरे," म्हणाली ती, आणि लिहून घेतलं. मी तिला म्हटलं, "ते कारण खोड." "मग काय लिहू?" मी म्हटलं, "आधी तुझ्या मोठ्या आजीच्या घरी चल."

कौसाबाई ओसरीत तूर पाखडत होती. आता कमरेत वाकली आहे, पण हात चालतो. मी बसले नाही. उभ्यानंच म्हटलं, "कौसाबाई, विहीर पावसानं नाई बिघडली. मी बोअर मारला, त्यानं बिघडली. तुमच्या पाळीच्या दिवशी मारला."

तिनं सूप खाली ठेवलं. "हे सांगाले तुले पोरीचं कॉलेज लागलं काय वं?"

"तुमाले माईत होतं?"

"मले पयल्या घोटालेच समजलं होतं."

"मंग बोलल्या काहून नाई?"

"बोलली असती तं तू भांडली असती. तुयं तोंड मोठं, तू जिंकलीही असती. मंग तुले जलमभर वाटलं असतं का तूच खरी."

मी म्हटलं, "चुकलं मायं."

"ते ठेव तुयापाशी, मी काय करू त्याचं?" ती पुन्हा पाखडायला लागली. पाखडता पाखडता म्हणाली, "घरची तूर हाय, पण या पाण्यात डाळ शिजत नाई. नळ येते आठ दिवसांनी, ते प्यायलेच पुरत नाई. येशील तवा वरणापुरतं पाणी आण."

प्रांजलीनं रकान्यात लिहिलं, 'आजीने विहिरीत बोअर मारला.' मॅडमनी ते खोडून शास्त्रीय भाषेत लिहायला सांगितलं. मग तिनं लिहिलं, अतिखोल उपशामुळे क्षारांचे प्रमाण वाढले. तिला चांगले मार्क मिळाले. त्या वाक्यात मी नाही, कौसाबाई नाही आणि तिची पाळीही नाही. म्हणून मी हे लिहायला बसले. गावात राहिलेल्यांनी वाचावं, आणि माझ्यासारखं निघून जाऊन पावसाला नावं ठेवणाऱ्यांनीही.

आता मी महिन्यातून एकदा पाच लिटरचा कॅन घेऊन बसमध्ये बसते. कंडक्टर म्हणतो, "आजी, लोकं गावाकडून काईबाई आणतात, तुमी गावाले पाणी नेता?" मी म्हणते, "तू तिकीट फाड." पाच लिटरमध्ये वरण होतं, वावर भिजत नाही. वावर माझ्या हयातीत भिजायचं नाही, हे मला ठाऊक आहे. अमरावतीचं घर मुलाचं आहे. गावचं आमचं घर पडलं, तिथं आता कोणाचे तरी बैल बांधतात. गावाला गेले की मी कौसाबाईच्या ओसरीत बसते. ती डाळ चढवते, आम्ही जेवतो.

निघताना ती त्याच दारात उभी असते.

"जाय, इंदे," म्हणते. "अन् कॅन इथं ठेवू नको. घेऊन जाय, भरून आणाले लागते."