फुटके पॅनल आणि आत्या

"तू म्हनला हुतास ना?" एवढं विचारून आत्या पदराचं टोक दातात धरायच्या आणि उत्तराची वाट बघायच्या. पारनेर तालुक्यातलं ते अख्खं गाव त्यांना आत्या म्हणायचं, म्हणून मीही. हा प्रश्न तुम्हाला कुणी कधी विचारला असेल, तर माझी अवस्था तुम्हाला कळेल.

मी नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका सोलर कंपनीत आहे. त्यांच्या गावच्या शाळेवर आम्ही पॅनल बसवले, तेव्हा माझं भाषण झालं. "पॅनल निकामी झाला तरी कुठंही टाकायचा नाही. त्यात शिसं असतं. नियमाप्रमाणे कंपनीच परत नेईल." माझं भाषण कुणी ऐकत असेल, असं मला तोवर कधी वाटलंच नव्हतं.

पुढं गारपिटीत ते पॅनल फुटले. नवे बसवून झाल्यावर साहेबांचा फोन आला, "जुने राहू दे तिथंच ओढ्याकडेला. टेम्पो दुसरीकडे पाठवायचाय." मी "हो सर" म्हणालो. ते मला फार छान जमतं.

आत्यांच्या शेळ्या त्याच ओढ्यावर पाणी प्यायच्या. आम्ही निघालो, तशा आत्या टेम्पोला आडव्या आल्या.

"तू म्हनला हुतास ना, कंपनी नेती?"

"नेणार आहे आत्या. नंतर."

"मग तवर मी हितंच बसते." आणि त्या चढून ड्रायव्हरशेजारी, माझ्या जागेवर बसल्या.

खूप विनवण्या केल्या. शेवटी फोन लावून मी चिरक्या आवाजात म्हणालो, "सर, आत्या उतरत नाहीत. नियमही त्यांच्याच बाजूनं आहे." माझ्या नोकरीतलं हे सगळ्यात शूर वाक्य. साहेब करवादले, "आण मग!"

"कुठं नेताय ते बघते की," म्हणत आत्या पुढंच बसून राहिल्या. मी मागं, फुटक्या काचांच्या संगतीत. कंपनीच्या गेटवर वॉचमननं आत्यांना नमस्कार केला आणि धुळीनं माखलेल्या मला विचारलं, "तुम्ही कोण?"

जुने पॅनल मोडून पुनर्वापर करणाऱ्या परवानाधारक कारखान्याची गाडी ते घेऊन गेली, त्या दिवशी मी आत्यांना फोन केला. "लई बेस झालं. जेवलास का?" एवढंच बोलल्या.

मग शाळेवरचे नवे पॅनल बघायच्या निमित्तानं मी तिकडं जात राहिलो. पॅनल उत्तम चालत होते. मला आत्यांच्या हातची भाकरी हवी असायची.

गेल्या हिवाळ्यात गेलो, तर त्या अंगणात बाजेवर पडून होत्या. मला ओळखलं नाही. पण हळूच सरकून त्यांनी जागा केली.

"बस बाबा. ऊन लई चांगलं हाय."

मी बसलो. पुढच्या खेपेला गेलो, तेव्हा अंगणात नुसतं ऊन होतं.