टीव्हीतला वारा आणि आमचा पंखा

मंडळी, आज डोकंच चालेना. माझी नात तन्वी, अंगाने काडी. हॉलमध्ये जागच्या जागी सायकल मारते आणि टीव्हीवरच्या खेळात, आपापल्या घरून सायकल मारणाऱ्या ग्रुपसोबत पळते. आज सपाट रस्त्यावर मागे पडायला लागली.

"आजी, मी हलकी ना, वारा मलाच जास्त अडवतोय. आता सुटले तर ग्रुप गेला!"

मी उठून पंखा बंद केला.

"अगं, पंखा लाव! वारा टीव्हीत आहे!"

पोर घामाने निथळली. मग टीव्हीतल्या एका जाड्याच्या मागे चिकटली आणि त्याच्या आडोशाने टिकली. चढ आला तशी त्यालाच मागे टाकून गेली.

जाड्या त्याच्या घरी, ही इथे आमच्या पूनम सागर सोसायटीत, मग आडोसा कसला? ते राहू द्या. उद्या पंखा लावू की नको, एवढंच सांगा.